संगणकाची साक्ष

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना अख्खा तालुका ‘वकीलसाहेब’ याच नावानं ओळखायचा. त्यांची माझी पहिली भेट इथल्याच न्यायालयात झाली. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होतो आणि उलटतपास ते घेत होते.

याला वीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा अभियांत्रिकी महाविद्यालयात नुकता शिकवायला लागलो होतो. एका पतसंस्थेतल्या कारकुनावर फिर्याद झाली होती. कर्जदारांची यादी त्यानं रात्री कार्यालय उघडून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, असा आरोप होता. पोलिसांनी पेनड्राइव्ह जप्त केला, पंचनामा केला आणि तपासणीसाठी माझ्याकडे पाठवला. मी अहवाल दिला : फाइल रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी तयार झाली. सरतपास पाच मिनिटांत उरकला. मग वकीलसाहेब उठले. संगणक त्यांनी कधी हाताळलेला नव्हता. त्यांनी विचारलं, “दहा वाजून दहा मिनिटं, हे कशावरून?”

मी म्हणालो, “फाइलवर वेळेची नोंद असते.”

“नोंद कोणी केली?”

“संगणकानं.”

“त्या संगणकाचं घड्याळ बरोबर चालत होतं, हे कोणी पाहिलं?”

कोणीच पाहिलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, “बरं, ती नोंद तुम्ही तुमच्या संगणकावर वाचलीत. ती जशी होती तशीच वाचली गेली, हे कशावरून?”

मला उत्तर देता आलं नाही. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. मी प्रयोगशाळेत परत आलो आणि त्या पेनड्राइव्हची प्रत पुन्हा उघडून बसलो. विंडोजच्या हार्डडिस्कवर फाइलची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते. ती भारतीय वेळेत वाचायची तर साडेपाच तास मिळवावे लागतात. पेनड्राइव्हची मांडणी मात्र बहुधा जुन्या पद्धतीची, फॅट नावाची असते आणि तिच्यात स्थानिक वेळच जशीच्या तशी उतरते. माझ्या तपासणीच्या साधनात मी सेटिंग चुकीचं ठेवलं होतं, म्हणून त्यानं सरसकट साडेपाच तास मिळवले. फाइल तयार झाली होती दुपारी चार चाळीसला. त्या वेळी तो कारकून आपल्या टेबलाशी बसून काम करत होता, आणि ती यादी दर महिन्याला वरच्या कार्यालयात नेऊन देणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. मी दुरुस्त अहवाल सादर केला. कारकून निर्दोष सुटला.

एका माणसाची अब्रू आणि नोकरी माझ्या साडेपाच तासांवर टांगलेली होती, आणि संगणकाचा गंध नसलेल्या माणसाच्या एका शब्दानं ती वाचली. ‘कशावरून?’ डिजिटल न्यायसहायक विज्ञान हा विषय मी त्यानंतर किती शिकलो, किती शिकवला. पण त्याचं सार या एका शब्दात आहे असंच मला वाटतं. म्हणून वकीलसाहेबांच्या स्मृतीसाठी बोलताना, हाच प्रश्न ज्यानं जन्मभर विचारला अशा एका प्राध्यापकाची कारकीर्द मी निवडली आहे. केंब्रिज विद्यापीठातले रॉस अँडरसन. २८ मार्च २०२४ रोजी ते केंब्रिज इथे वारले.

अँडरसन यांचा जन्म १९५६चा. ट्रिनिटी कॉलेजात गणित आणि निसर्गविज्ञान शिकून त्यांनी १९७८ साली पदवी घेतली. मग सरळ संशोधनाकडे न जाता त्यांनी बरीच वर्षं बाहेर काम केलं, आणि त्यात बँकांच्या संगणकसुरक्षेचं कामही होतं. डॉक्टरेट १९९५ साली, रॉजर नीडहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली, म्हणजे वयाच्या चाळिशीकडे झुकताना. आपल्याकडे एवढ्या उशिरा संशोधनाला लागणाऱ्याला लोक ‘आता कशाला?’ म्हणतात. मला उलट वाटतं. बँकेच्या मागच्या खोलीत काय चालतं हे ज्यानं पाहिलं आहे त्यालाच कोणता प्रश्न विचारायचा हे कळतं. पुस्तकातून निघालेला प्रश्न पुष्कळदा पुस्तकातच संपतो.

त्यांचा गाजलेला निबंध १९९३चा आहे. गुप्तलेखनावर आधारलेल्या यंत्रणा का कोसळतात, हा त्याचा विषय. त्या काळात ब्रिटनमध्ये हजारो खातेदारांची तक्रार होती की एटीएममधून आपण न काढलेले पैसे गेले. बँकांचं उत्तर ठरलेलं होतं : आमची यंत्रणा चुकू शकत नाही, तेव्हा पैसे तुम्हीच काढलेत, नाहीतर तुमच्या घरातल्या कोणी काढले. अँडरसन यांनी खरोखर घडलेल्या चोऱ्या गोळा केल्या आणि प्रत्येक चोरी कशी झाली ते पाहिलं. त्यांना काय आढळलं? गुप्तलेखनाचं गणित फोडून चोरी केलेली जवळजवळ नव्हतीच. एका ठिकाणी देखभालीच्या अभियंत्यानं यंत्रातच छोटा संगणक बसवून कार्डांचे आकडे आणि पिन टिपून घेतले होते. कुठे पावतीवर अख्खा खातेक्रमांक छापला जात होता. रांगेत मागे उभं राहून पिन पाहायचा, टाकून दिलेली पावती उचलायची आणि त्यावरून नवं कार्ड बनवायचं. कुठे यंत्राच्या चाचणीसाठी चौदा आकड्यांचा एक क्रम ठेवलेला होता. तो दाबला की दहा नोटा बाहेर येत, आणि तो क्रम शाखांना वाटलेल्या माहितीपुस्तिकेत छापलेला होता!

या निबंधातली एक तुलना मी दरवर्षी पहिल्याच तासाला वर्गात सांगतो. विमान कोसळलं तर चौकशी होते, अहवाल प्रसिद्ध होतो आणि जगभरचे वैमानिक तो वाचून शहाणे होतात. बँकेची यंत्रणा कोसळली तर बँक ती गोष्ट दाबून टाकते. म्हणून विमानप्रवास दर दशकात सुरक्षित होत गेला आणि बँका मात्र त्याच त्या चुका करत राहिल्या. चूक उघड करणं हीच सुरक्षेची पहिली पायरी, ही गोष्ट या निबंधानं आमच्या शास्त्राला शिकवली.

याच सुमाराचा एक खटला. केंब्रिजजवळच्या एका गावातला पोलिस शिपाई सुट्टीवरून परत आला तर खातं रिकामं. सहा वेळा पैसे काढल्याची नोंद होती. त्यानं बँकेत तक्रार केली. बँकेनं सांगितलं, आमची यंत्रणा सुरक्षित आहे. आणि मग खटला भरला गेला तो त्या शिपायावरच, खोटी तक्रार करून पैसे उकळण्याचा प्रयत्न केला म्हणून. १९९४ साली त्याला दोषी ठरवलं गेलं. अपिलात अँडरसन बचाव पक्षाचे तज्ज्ञ होते. त्यांची मागणी एवढीच होती की फिर्यादी पक्षाच्या तज्ज्ञाला ही यंत्रणा जेवढी पाहायला मिळाली तेवढीच आम्हालाही पाहू द्या. न्यायालयानं ती मान्य केली, पण बँकेनं यंत्रणा दाखवायला नकार दिला. तेव्हा तो संगणकीय पुरावाच बाजूला ठेवला गेला आणि १९९६ साली शिपाई सुटला.

इथे क्षणभर थांबू या. यंत्रणेत दोष होता, हे अँडरसन यांनी सिद्ध केलं का? नाही. तशी संधीच त्यांना मिळाली नाही. त्यांनी एवढंच दाखवलं की ज्या साक्षीदाराचा उलटतपास घेता येत नाही त्याच्या शब्दावर माणसाला शिक्षा देता येणार नाही. साक्षीदार माणूस असो की यंत्र.

हे तत्त्व पायाखाली तुडवलं की काय होतं, ते त्याच देशानं पुढे पाहिलं. ब्रिटनच्या कायद्यात फौजदारी खटल्यांसाठी एक तरतूद होती, की संगणकाचा पुरावा द्यायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. ही अट अडचणीची वाटली म्हणून काढून टाकली गेली आणि २००० सालापासून तिथे उलटं गृहीत धरलं जाऊ लागलं : संगणक बरोबरच असतो, नसेल तर आरोपीनं दाखवावं. नेमकं त्याच सुमाराला तिथल्या टपाल खात्यानं खेड्यापाड्यांतल्या उपडाकघरांमध्ये ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसवली. दिवसअखेर पडद्यावर तूट दिसायची, पेटीत पैसे बरोबर असायचे. करारानुसार तूट भरून द्यायची ती पोस्टमास्तरांनी. लोकांनी दागिने विकले, घरं गहाण टाकली आणि तरीही नऊशेहून जास्त जणांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले. मूळ भारतीय असलेली एक पोस्टमास्तरीण गरोदर असताना तुरुंगात गेली. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं प्रणालीतले दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयानं एकदम ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि मे २०२४ मध्ये संसदेनं कायदाच करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसून टाकल्या. तोवर काही जण वारले होते. इतक्या वर्षांत इतक्या न्यायालयांमध्ये ‘कशावरून?’ हा प्रश्न कोणी धड विचारला नाही, आणि ज्यांनी विचारला त्यांना कागदपत्रं मिळाली नाहीत.

अँडरसन यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग २०१० सालचा आहे. तो नीट समजायचा तर आपल्या खिशातलं कार्ड डोळ्यांसमोर आणा. सोनेरी चिप असलेलं. आपण दुकानातल्या यंत्रात ते खुपसतो आणि पिन दाबतो. यंत्र कार्डाला विचारतं, हा पिन बरोबर आहे का? कार्ड म्हणतं, हो. मग व्यवहार होतो. स्टीव्हन मर्डॉक, सार ड्रायमर, माइक बाँड आणि अँडरसन यांनी दाखवलं की कार्ड आणि यंत्र यांच्या मध्ये एक छोटं साधन बसवलं तर पिनचा प्रश्न कार्डापर्यंत पोचूच द्यायचा नाही आणि मधल्या मध्ये ‘हो’ म्हणून टाकायचं. यंत्राला वाटतं पिन जुळला. कार्डाला वाटतं ग्राहकानं सही करून खरेदी केली. चोरलेलं कार्ड घ्या आणि पिन म्हणून चार शून्यं दाबा, पावतीवर छापून येतं की पिन पडताळला! आणि हीच पावती उद्या ग्राहकाविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येते.

त्यांच्या गटातल्या ओमर चौदारी या विद्यार्थ्यानं यावर पदव्युत्तर प्रबंध लिहिला. २०१०च्या अखेरीस कार्डकंपन्यांच्या संघटनेनं विद्यापीठाला पत्र लिहिलं की हा प्रबंध संकेतस्थळावरून काढून टाका, यातून चोरांना माहिती मिळते. अँडरसन यांनी उत्तर पाठवलं. त्याचा आशय असा : कायदेशीर आणि आधीच जगजाहीर असलेला विद्यार्थ्याचा प्रबंध कोणा बलाढ्याच्या गैरसोयीचा आहे म्हणून आम्ही दडवू, हे तुम्हाला वाटलंच कसं? हे न्यूटन आणि डार्विन यांचं विद्यापीठ आहे. आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी तो प्रबंध विभागाचा अधिकृत तांत्रिक अहवाल म्हणून प्रसिद्ध करायला परवानगी दिली, म्हणजे लोकांना तो शोधणं आणि त्याचा दाखला देणं आणखी सोपं होईल.

प्राध्यापक म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी हे पत्र दाखवीन. विद्यार्थी परदेशातून आलेला, वय कोवळं आणि समोर अख्खा बँकव्यवसाय. अशा वेळी गुरूनं मध्ये उभं राहायचं असतं. आपल्याकडची किती विद्यापीठं असं उत्तर देतील? मी हे टोचून बोलत नाही. मनापासून विचारतो आहे, कारण हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. माझ्यावरही आली होती, आणि तेव्हा मी विद्यार्थ्याला ‘सध्या थांब’ म्हणालो होतो. ते चुकलं.

पण चोरांना शिकवलं, हा आरोप? त्याचं उत्तर टाळता येणार नाही, कारण चोरांनी ही युक्ती खरोखरच वापरली. फ्रान्समध्ये चोरलेल्या कार्डांवर चाळीसच्या आसपास बनावट कार्डं तयार झाली आणि सात हजारांवर व्यवहारांतून सहा लाख युरोंच्या आतबाहेर रक्कम गेली. तपासासाठी जप्त कार्ड संशोधकांकडे आलं तेव्हा त्यांच्यापुढे आमच्या धंद्यातला नेहमीचा पेच होता. कार्ड हा मुद्देमाल. तो कापता येत नाही, खरवडता येत नाही, कारण न्यायालयात तो जसाच्या तसा दाखवावा लागतो. मग त्यांनी कार्डाचं क्ष-किरण चित्र काढलं. सोनेरी पट्टीखाली एकावर एक बसवलेल्या दोन चिप दिसल्या : खाली चोरलेल्या कार्डाची खरी आणि तिच्यावर मधल्या मध्ये ‘हो’ म्हणणारी दुसरी. प्रयोगशाळेत केंब्रिजच्या गटाला जे साधन पाठीवरच्या पिशवीत न्यावं लागायचं ते चोरांनी कार्डाच्या जाडीत बसवलं होतं. २०१५ साली फेरादी, जेरो, नाकाश आणि त्रिया या संशोधकांनी हा तपास प्रसिद्ध केला. माझा निष्कर्ष असा की केंब्रिजचा निबंध नसता तर पावतीवरच्या ‘पिन पडताळला’ या छापील शब्दांपुढे ग्राहकाचं कोणी ऐकलंच नसतं, आणि ते कार्ड क्ष-किरणाखाली ठेवावं असं कोणाच्या मनातही आलं नसतं. दोष झाकल्यानं चोर अडत नाही. अडतो तो ग्राहक.

या कारकिर्दीचा एक धागा आपल्या देशातूनही जातो. २००८च्या सप्टेंबरात शिशिर नागराज हे संशोधक धरमशालेला गेले. दलाई लामांच्या कार्यालयातले संगणक कोणीतरी आतून वाचत असल्याची शंका होती. नागराजांनी जाळ्यावरून येणारी-जाणारी वाहतूक तपासली, टपालाच्या नोंदी पाहिल्या. ओळखीच्या भिक्खूच्या नावानं, नेहमीच्या विषयावर पत्र येई. त्याला एक दस्तऐवज जोडलेला असे, आणि तो उघडला की संगणक परक्याच्या ताब्यात. नागराज आणि अँडरसन यांचा अहवाल मार्च २००९ मध्ये निघाला. त्याच वेळी टोरांटोच्या संशोधकांनी हेच जाळं १०३ देशांतल्या १,२९५ संगणकांवर पसरल्याचं दाखवलं. केंब्रिजच्या अहवालात मला महत्त्वाचा वाटतो तो इशारा : आज सरकारं जे करतात ते उद्या भुरटे चोरही करतील. आज आपल्या मोबाइलवर वीजबिलाच्या, लग्नपत्रिकेच्या नावानं येणाऱ्या फाइली पाहिल्या की ते शब्द आठवतात.

त्यांच्या बाकीच्या कामाचा उल्लेख मी धावता करतो. सुरक्षा हा जितका गणिताचा तितकाच अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, कारण यंत्रणा सांभाळणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा असला की सांभाळणारा गाफील राहतो, हा विचार त्यांनी २००१ साली मांडला आणि त्यातून एक अभ्यासशाखाच उभी राहिली. २०१५ मध्ये त्यांनी सायबर गुन्ह्यांचं संशोधनकेंद्र काढलं. तिथे जमवलेली माहिती दुसऱ्या विद्यापीठांतल्या संशोधकांनाही करार करून वापरू दिली जाते. सदुसष्टाव्या वर्षी सक्तीनं निवृत्त करण्याच्या आपल्याच विद्यापीठाच्या नियमाशीही ते शेवटपर्यंत भांडले.

आता घरी येऊ. ११ ऑगस्ट २०१८, पुण्याची कॉसमॉस बँक. २८ देशांमधल्या एटीएममधून, बनावट कार्डांनी, काही तासांत पैसे निघाले. दोन दिवसांनी परदेशी बँकेकडे आणखी रक्कम वळवली गेली. एकूण ९४ कोटी. त्यात काय झालं होतं? एटीएमचा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाण्याआधीच चोरांनी बसवलेली खोटी यंत्रणा मध्ये उभी होती, आणि ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो, द्या पैसे’ म्हणत होती. मघाच्या कार्डात जे नखाएवढ्या जागेत घडलं तेच इथे बँकेएवढ्या आकारात घडलं. मधल्या ‘हो’वर विश्वास ठेवला गेला.

आणि जालना. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचं नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळून गेल्यावर घेतलं गेलं. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात चित्रीकरण चालू होतं. त्याच्या तबकड्या न्यायालयात आल्या. पण संगणकीय नोंदीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब नुसार लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला आणि देशभरासाठी कायदा स्पष्ट केला : मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. मात्र पक्षकारानं सगळे प्रयत्न करूनही अधिकारी ते देत नसतील, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा त्याच्यावर करत नाही. एका जिल्ह्यातल्या कार्यालयातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा प्रश्न, आणि आज भारतातल्या प्रत्येक न्यायालयात तो निकाल वाचला जातो.

गंमत नव्हे, गांभीर्यानं घेण्यासारखी गोष्ट अशी की आपलं ६५ ब हे ब्रिटनच्या दिवाणी खटल्यांसाठीच्या १९६८च्या कायद्यावरून घेतलेलं आहे. त्यांनी ते १९९५ साली रद्द केलं, आणि आपण २००० साली स्वीकारलं. जुनाट अट उचलली म्हणून अनेकांनी टीका केली. होरायझनचं प्रकरण पाहिल्यावर मी त्या टीकेत सामील होत नाही. प्रमाणपत्राचा कागद कटकटीचा आहे, पण ‘कशावरून?’ हा प्रश्न त्यानं कायद्यात जिवंत ठेवला आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्यालाच जोडलेला आहे. एक भाग पक्षकारानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. दोन्हींत हॅशमूल्य लिहायचं असतं. हॅश म्हणजे काय? मुद्देमालाच्या पुडक्यावर लाखेचं सील असतं ना, तसंच हे गणिताचं सील. फाइल मोठी असो की छोटी, तिच्यावरून एक ठरावीक लांबीचा आकडा निघतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, सगळा आकडा बदलतो. जप्त केलेला लॅपटॉप कोणी ‘जरा बघू’ म्हणून नुसता चालू केला तरी विंडोज आपणहून शेकडो फाइलींना हात लावते आणि डिस्कचं सील मोडतं. असे लॅपटॉप मी किती पाहिले! पंचनाम्यात सील, सह्या, दोन पंच, सगळं जागच्या जागी. आणि डिस्कवर जप्तीनंतरच्या तारखेच्या फाइली.

त्या नमुन्यात तीन पद्धतींची नावं छापली आहेत : एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५. यातल्या एमडी-५मध्ये एकच आकडा देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं. एसएचए-१ची तीच गत २०१७ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधनसंस्थेनं आणि गूगलनं केली. म्हणून इथे बसलेल्या पोलिस आणि वकील मंडळींना माझं सांगणं आहे, खूण करायची ती एसएचए-२५६ वर करा. आणि हॅश जप्तीच्या जागीच, पंचांसमोर काढा. आठवड्यानं कार्यालयात काढलेला हॅश मधल्या आठवड्याबद्दल काहीच सांगत नाही.

आरोपीच्या बाजूनं तज्ज्ञ मिळणं ही आपल्याकडची खरी टंचाई आहे. केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवज आहे, आणि पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न नसेल तर आरोपीला त्याची प्रत मिळाली पाहिजे. प्रत मिळते हो, पण ती वाचणार कोण? शासकीय प्रयोगशाळांवर कामाचा डोंगर आहे. खासगी तज्ज्ञ मोठ्या कंपन्यांची कामं घेतात. गरीब आरोपीसाठी उरतं ते विद्यापीठ. माझ्या मते या विषयातल्या प्राध्यापकानं वर्षाला एक तरी प्रकरण बचाव पक्षासाठी विनामूल्य पाहावं. त्याच्या संशोधनाला त्याहून चांगलं खाद्य दुसरीकडे मिळणार नाही.

इथे विद्यार्थी बरेच दिसतात. तालुक्याच्या गावी असलं संशोधन कसं होणार, असं तुम्ही मला जेवणाच्या वेळी विचारलंत. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट हे दोघे एमआयटीत विद्यार्थी असताना त्यांनी जुन्या हार्डडिस्क विकत घेतल्या, १५८. त्यांतल्या १२९ चालल्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. उरलेल्यांत लोकांची पत्रं, वैद्यकीय नोंदी, हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक. २००३ साली छापलेला तो निबंध आजही शिकवला जातो. त्याला लागलं काय? जुना बाजार, एक संगणक, आणि सापडलेली माहिती कोणाला न दाखवण्याचा प्रामाणिकपणा.

शेवटचं, घरोघरी उपयोगी पडेल असं. खात्यातून तुम्ही न काढलेले पैसे गेले आणि बँकेत ‘पिन तुमच्याकडेच होता’ असं ऐकवलं, तर मान खाली घालून परत येऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. दोष ना तुमचा ना बँकेचा, तिसऱ्याच कोणाचा असेल, आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि वेळ टाकून घ्या.

अँडरसन यांचा ‘सिक्युरिटी इंजिनिअरिंग’ हा ग्रंथ २००१ साली आला. त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्या त्यांनी सगळ्यांना फुकट वाचायला खुल्या केल्या. तिसऱ्या, २०२०च्या आवृत्तीची एक प्रत मी आज वाचनालयाला देत आहे. एटीएमच्या चोऱ्यांवरचं प्रकरण वाचायला संगणकशास्त्र लागत नाही. वकीलसाहेबांच्या पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर जागा आहे, ती मी सकाळीच पाहून ठेवली आहे.